दिसते एक, निघतात चाळीस : पांढऱ्या माशीची गोष्ट

(पॉडकास्टच्या या भागाचा लिखित मजकूर. बोलण्याचा ओघ जमेल तितका तसाच ठेवला आहे.)

आजचा विषय जेमतेम एक मिलिमीटरचा आहे, पण त्याने भल्याभल्या शास्त्रज्ञांना शंभर वर्षांहून जास्त काळ चकवलंय. विषय आहे पांढरी माशी.

ज्यांच्या घरी भाजीपाला पिकतो त्यांना तिची ओळख करून द्यायला नको. वांग्याच्या झाडाला जरा धक्का लागला की पानाखालून पांढरा भुगा उडाल्यासारखं होतं आणि दोन सेकंदांत सगळं परत पानाखाली जाऊन बसतं. तीच ती. शहरात राहणाऱ्यांनो, गॅलरीतल्या कुंडीत टोमॅटो किंवा मिरची लावली असेल तर तुमच्याकडेही ती न बोलावता येऊन गेलेली असण्याची दाट शक्यता आहे.

प्रश्न अगदी साधा वाटेल. टोमॅटोवरची, वांग्यावरची, भेंडीवरची, काकडीवरची आणि कोबीवरची पांढरी माशी ही एकच माशी आहे का?

मोबाइलमध्ये फोटो काढून कीड ओळखणारी ॲप आता बरीच आहेत. कुठल्याही पानाचा फोटो टाका, उत्तर येईल ‘पांढरी माशी’. ते उत्तर चूक नाही, पण अपुरं आहे. आणि हा अपुरेपणा शेतकऱ्याच्या खिशाला कसा लागतो, तेच आज बोलायचंय. माझं काम सॉफ्टवेअरचं. शेतीशास्त्र मी शिकलेलो नाही, पण ‘दिसायला सारखं आणि आतून वेगळं’ हा प्रकार आमच्या धंद्यात रोजचा आहे. म्हणून या विषयात शिरलो आणि वाचत गेलो.

आधी थोडी तोंडओळख. नाव माशी असलं तरी ही माशी नव्हे. मावा आणि तुडतुडे ज्या मोठ्या घराण्यातले, त्यातलीच ही. सुईसारखी सोंड पानात खुपसायची आणि रस ओढायचा. अंडी पानाच्या खालच्या बाजूला. अंड्यातून निघालेलं पिल्लू थोडं सरकतं, बरी जागा बघून सोंड रोवतं आणि मग पंख फुटेपर्यंत तिथून हलत नाही. उष्ण हवेत अंड्यापासून माशीपर्यंतचा प्रवास साधारण तीन आठवड्यांचा. एक मादी शंभरावर अंडी सहज घालते. आता पिढ्यांचा गुणाकार तुम्हीच करा.

रस ओढल्याने झाड अशक्त होतं, शिवाय तिच्या अंगातून पडणाऱ्या चिकट गोड द्रवावर काळी बुरशी चढते. पण खरी भीती व्हायरसची. टोमॅटोची पानं वळून-आकसून झाड खुजं राहतं तो पर्णगुच्छ, भेंडीच्या शिरा पिवळ्या पडतात तो केवडा किंवा हळद्या. हे रोग शेतभर फिरवण्याचं काम हीच करते. शंभराहून जास्त व्हायरस ती वाहून नेऊ शकते. आणि व्हायरसवर फवारायला औषध नाही. लागण लहान रोपाला झाली तर त्या रोपाकडून मालाची आशा सोडायची.

आता तिच्या नावाची गोष्ट ऐका, कारण सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

१८८९ साली ग्रीसमध्ये गेनाडियस नावाच्या शास्त्रज्ञाने तंबाखूच्या पानावर ही माशी पाहिली आणि तिची नोंद केली. तंबाखूवरून नाव पडलं ‘टॅबॅसी’. आज तिला बेमिसिया टॅबॅसी म्हणतात. पुढच्या काही दशकांत जगभर वेगवेगळ्या पिकांवर अशाच माश्या सापडत गेल्या आणि प्रत्येकाने नवीन जात म्हणून नवीन नाव दिलं. आपल्याकडेही १९२९ साली मिश्रा आणि लांबा यांनी कपाशीवरच्या पांढऱ्या माशीला बेमिसिया गॉसिपिपर्डा असं नाव दिलं होतं.

ही नावं देताना बघायचे काय? पिल्लाच्या शेवटच्या अवस्थेचं कवच. त्याचा आकार, पाठीवरचे केस, कडा. गडबड अशी की हे कवच पानाप्रमाणे बदलतं. पिल्लू लवदार पानावर वाढलं तर त्याच्या पाठीवर केस येतात, गुळगुळीत पानावर वाढलं तर ते कमी दिसतात. एकाच आईची पोरं, पण एक वांग्यावर वाढलं आणि दुसरं गुळगुळीत पानावर, तर चेहरामोहरा वेगळा. मोबाइलची थीम बदलली म्हणून फोन बदलत नाही, तसंच हे. १९६३ साली लॉरेन्स माउंड यांनी पिकाप्रमाणे होणारा हा बदल नीट मांडून दाखवला. त्याआधीच, १९५७ साली, लुईस रसेल या अभ्यासक बाईंनी यातली बरीच नावं एकत्र करून ‘या सगळ्या एकाच जातीच्या, बेमिसिया टॅबॅसी’ असा निकाल दिला होता.

म्हणजे दिसतात अनेक, पण आहे एकच. प्रकरण मिटलं असं वाटेल ना?

पण त्याच १९५७ साली तिकडे पोर्तो रिको बेटावर ज्युलिओ बर्ड यांना वेगळंच काही दिसत होतं. त्यांच्याकडे दोन ठिकाणच्या पांढऱ्या माश्या होत्या. एक जट्रोफाच्या झुडपावरची, दुसरी सिडा नावाच्या तणावरची. सिडा म्हणजे आपल्याकडच्या चिकण्याच्या घराण्यातलं तण. सूक्ष्मदर्शकाखाली दोघींत फरक काढता येईना. पण जट्रोफावरची माशी जट्रोफा सोडून इतरत्र संसार मांडायला तयार नव्हती, आणि सिडावरची मात्र कित्येक पिकांवर खुशाल वाढत होती. दिसायला एक, पण जगण्याची तऱ्हा दोन.

असंच आपल्या केरळातही आढळलं. कसाव्यावर, म्हणजे साबुदाण्याच्या कंदावर, वाढणारी पांढरी माशी आणि रताळ्यावर वाढणारी पांढरी माशी या वेगळ्या निघाल्या. रताळ्यावरची माशी कसाव्यावर पिढी वाढवू शकत नव्हती.

तेव्हाचे शास्त्रज्ञ अशा प्रकारांना ‘बायोटाइप’ म्हणत आणि ए, बी, सी अशी अक्षरं देत. जात एकच, फक्त सवयी वेगळ्या, असा समज होता. या समजाला मोठा धक्का बसला तो अमेरिकेत. १९८०च्या दशकाच्या मध्यापर्यंत तिथली पांढरी माशी त्रास देणारी होती, पण आवाक्यातली होती. मग फ्लोरिडात हरितगृहांतल्या शोभेच्या झाडांवर एक नवी माशी आली. पॉइनसेटिया नावाचं लाल पानांचं झाड असतं ना, नाताळात दुकानांत ठेवतात ते, त्याच्यावर. काही वर्षांतच भोपळावर्गीय पिकांची पानं चंदेरी पडायला लागली, जणू कुणी पानावर वर्ख लावलाय. टोमॅटोची फळं एकसारखी पिकेनात. १९९१ साली कॅलिफोर्नियाच्या इम्पिरियल व्हॅलीत खरबूज, कोबीवर्गीय भाज्या, कपाशी सगळ्यांवर ही माशी तुटून पडली. नुकसान कोट्यवधी डॉलरचं.

दिसायला ही माशी जुन्या माशीसारखीच. पण जुन्या आणि नव्या माशीचा संकर होईना, आणि रेणूंच्या पातळीवर तपासलं तर दोघींत मोठं अंतर. तिला ‘बी’ टाइप म्हटलं गेलं, आणि १९९४ मध्ये तर ही वेगळी जातच आहे असं म्हणून तिचं वेगळं नामकरणही झालं. त्यावर अनेक वर्षं वाद चालला.

आता डीएनएचा भाग. घाबरू नका, सोपं आहे.

प्रत्येक पेशीत मायटोकॉन्ड्रिया नावाचे ऊर्जेचे कारखाने असतात आणि त्यांचा स्वतःचा छोटासा डीएनए असतो. तो फक्त आईकडून येतो. त्यातल्या सायटोक्रोम ऑक्सिडेज नावाच्या जनुकाचा एक तुकडा प्राण्यांची ओळख पटवायला जगभर वापरतात. दुकानातल्या वस्तूवर बारकोड असतो तसा. पांढऱ्या माशीसाठी साधारण ६५७ अक्षरांचा तुकडा घेतात. अक्षरं चारच, ए, टी, जी, सी. दोन माश्यांचे तुकडे एकाखाली एक ठेवायचे आणि किती अक्षरं जुळत नाहीत ते मोजायचं. फाइल ‘डिफ’ करणं म्हणतो ना आम्ही, तेच.

जगभरचे असे तुकडे जमवून ताडून पाहिले, तेव्हा २०१०च्या सुमारास एक चित्र स्पष्ट झालं. माश्यांचे घोळके पडतात. एका घोळक्यातल्या माश्यांत फरक अगदी थोडा, आणि दोन घोळक्यांत मात्र ३.५ टक्क्यांहून जास्त. ६५७ अक्षरांच्या हिशोबात हे साधारण २३ अक्षरं होतात. ही रेघ धरून मोजलं तेव्हा २४ जाती निघाल्या. आता तो आकडा चाळिसाच्या वर गेलाय. सगळ्या दिसायला सारख्या, सगळ्यांवर पाटी एकच, बेमिसिया टॅबॅसी.

तुम्ही म्हणाल, ३.५ टक्के हा आकडा कुणी ठरवला? रास्त शंका आहे. डीएनएवर एक रेघ मारून जाती ठरवणं पुरेसं नाही, म्हणून शास्त्रज्ञ माश्यांचं लग्न लावून बघतात. इथे पांढऱ्या माशीची एक खासियत कामाला येते. फळलेल्या अंड्यातून मादी होते आणि न फळलेल्या अंड्यातून नर. म्हणजे मादीला जोडीदार मिळालाच नाही तरी ती अंडी घालते, फक्त सगळे मुलगेच होतात. त्यामुळे चाचणी सोपी. एका गटाची मादी आणि दुसऱ्या गटाचा नर एकत्र ठेवा. संततीत सगळे नरच निघाले, तर जोडी जमली नाही. बऱ्याच गटांच्या जोड्यांत असंच होतं.

आणि डेटाची लबाडीही सांगतो, कारण हा भाग माझ्या जिव्हाळ्याचा. या यादीत काही वर्षं एमईएएम-२ नावाची एक जात मिरवत होती. २०१७ साली लक्षात आलं की ती जात मुळात नव्हतीच. मायटोकॉन्ड्रियाच्या जनुकासारख्या दिसणाऱ्या पण निकामी झालेल्या नकला डीएनएमध्ये असतात. मशीनने खऱ्या जनुकाऐवजी अशी नक्कल वाचली होती, आणि त्यावरून कागदोपत्री एक जात जन्माला आली. डेटाबेसमध्ये आहे म्हणून जगात आहे असं नसतं, हे कोड लिहिणाऱ्या प्रत्येकाने भिंतीवर लिहून ठेवावं.

आणखी एक मस्त गोष्ट. इतक्या जाती निघाल्यावर प्रश्न आला की यातली मूळ बेमिसिया टॅबॅसी कुठली? २०१२ साली संशोधकांनी गेनाडियसच्या काळचे, ग्रीसमधले ते जुने नमुने मिळवले आणि त्यांतून डीएनए वाचला. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या एक मिलिमीटरच्या किड्याचा डीएनए! तो जुळला भूमध्य समुद्राच्या गटाशी, ज्याला ‘मेड’ किंवा जुन्या भाषेत ‘क्यू’ टाइप म्हणतात. म्हणजे नावाचा खरा हक्क त्या गटाचा. मग आपल्या शेतातली माशी कोण? तिच्या गटाला ‘एशिया-१’ किंवा ‘एशिया-२-१’ असे नुसते नंबर आहेत. आपल्याकडच्या बहुतेक गटांना आजही स्वतःचं शास्त्रीय नाव नाही. पिकाचं नुकसान करायला मात्र नाव लागत नाही.

भारतात असे अर्धा डझनाहून जास्त गट नोंदले गेलेत. ढोबळ चित्र असं की उत्तरेकडे एशिया-२-१ चं राज्य, तर मध्य आणि दक्षिण भारतात एशिया-१ चा पसारा मोठा. इथे सुरुवातीच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर मिळतं. आपल्याकडे शेजारशेजारच्या टोमॅटो, वांगी आणि भेंडीवर बऱ्याचदा एकाच गटाची माशी असते. तिला सगळंच चालतं. फरक जास्त पडतो तो प्रदेशाप्रमाणे. पण याचा अर्थ पिकाचा संबंध नाही असा होत नाही. ते कसं, ते बघू.

‘बी’ आणि ‘क्यू’ या जगभर पसरलेल्या दोघी घ्या. ढोबळ्या मिरचीवर क्यू मजेत वाढते, बी अडखळते. कोबीवर उलटं, तिथे बी जोरात आणि क्यूचं फारसं जमत नाही. दोघींना काकडी, टोमॅटो, वांगी चालतात. आता समजा एखाद्या भागात दोन्ही आहेत. तिथे कोबीचं क्षेत्र वाढलं की एकीला बळ मिळेल, मिरचीचं वाढलं की दुसरीला. म्हणजे शेतकरी पीक निवडतो तेव्हा नकळत माशीही निवडत असतो.

आणि हे पिकापुरतं थांबत नाही. फवारणीही माशी निवडते. चीनमध्ये आधी बी टाइपचा धुमाकूळ होता. २००३ साली तिथे क्यू पहिल्यांदा सापडली, आणि काही वर्षांतच बऱ्याच प्रांतांत तिने बीला हटवलं. खरं तर औषध नसलेल्या ठिकाणी दोघी एकत्र ठेवल्या तर बी वरचढ ठरते. पण इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम यांसारखी औषधं फवारली की चित्र फिरतं, कारण क्यू ही औषधं पचवण्यात तरबेज. तिच्या शरीरातलं एक एन्झाइम इमिडाक्लोप्रिड मोडून टाकतं. आपण फवारतो ‘पांढऱ्या माशीवर’, मरते त्यातली नाजूक, आणि रिकाम्या झालेल्या पानावर टणक असलेली येऊन बसते. आठ दिवसांनी बघावं तर पानाखाली पुन्हा पांढरंच. आपल्याला वाटतं तीच माशी परत आली. कदाचित ती नसतेच.

आता कृषी सेवा केंद्रातला प्रसंग डोळ्यांसमोर आणा. शेतकरी सांगतो, औषध मारलं पण माशी हटत नाही. दुकानदार म्हणतो, तुम्ही पाणी कमी वापरलं, पानाखाली फवारा पोचला नाही. शेतकऱ्याला वाटतं औषधच बोगस. तिसऱ्या दिवशी नवं महाग औषध, पुन्हा फवारणी, पुन्हा मजुरी. दोघांपैकी कुणीतरी खोटं बोलतंय असं दोघांनाही वाटतं. औषध बोगस असू शकतं, फवारणीही चुकलेली असू शकते. पण तिसरी शक्यता, की माशीच बदललीय, ती त्या संभाषणात कधी येतच नाही. कारण तपासायची सोय दुकानात नाही आणि फोटोत ती दिसत नाही. पैसे मात्र शेतकऱ्याचे जातात.

आपल्या जवळचं उदाहरण म्हणजे कर्नाटकातलं कोलार. देशातल्या मोठ्या टोमॅटो बाजारांपैकी एक तिथे आहे, आपल्याकडे नारायणगावचं जसं नाव आहे तसं. १९९९ साली कोलार भागातल्या टोमॅटोवर बी टाइपची माशी असल्याचं डीएनएवरून सिद्ध झालं. भारतातली ती तिची पहिली नोंद. तिथे पर्णगुच्छाने टोमॅटोची दैना झाली होती. स्थानिक माश्यांपेक्षा ही टोमॅटोवर कितीतरी जोमाने वाढते आणि व्हायरस फिरवते. व्हायरस आधीपासून होता, माशीही आधीपासून होती, पण दोघांची जोडी बदलली आणि साथ भडकली.

बाहेरून आलेली ही माशी स्थानिक माशीला हटवते कशी, तेही वाचण्यासारखं आहे. २००७ साली चीन आणि ऑस्ट्रेलियातल्या निरीक्षणांवरून कळलं की बी टाइपचे नर स्थानिक माद्यांच्या मागे लागतात. मिलन जमत नाही, पण स्थानिक नरांना मध्ये अडथळा होतो. मग स्थानिक माद्यांची बरीच अंडी फळत नाहीत आणि त्यांना मुलगेच जास्त होतात. उलट बी टाइपच्या माद्या अशा गर्दीत अधिक वेळा मिलन करतात आणि त्यांना मुली जास्त होतात. मुली जास्त म्हणजे पुढची पिढी मोठी. बस, काही पिढ्यांत मैदान साफ.

आणि अजून दोन गोष्टी सांगतो, कारण त्या ऐकल्यावर मी फोन बाजूला ठेवून पाच मिनिटं नुसता बसलो होतो.

पहिली, माशीच्या पोटातले भाडेकरू. तिच्या शरीरात जिवाणू राहतात. काही तिला जगायला लागतातच, कारण झाडाच्या रसात नसलेली पोषणद्रव्यं ते बनवून देतात. काही मात्र मध्येच घुसतात. अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात रिकेट्सिया नावाचा जिवाणू सुरुवातीला शंभरात एखाद्या माशीत होता. सहा वर्षांत तो शंभरातल्या ९७ माश्यांत पोचला. कारण हा जिवाणू असलेल्या माद्यांची पिल्लं जास्त जगत आणि त्यांत मुलींचं प्रमाण जास्त असे. म्हणजे माशीचा स्वतःचा डीएनए तोच असला, तरी आतला भाडेकरू बदलला की कीड बदलते.

दुसरी गोष्ट चोरीची. टोमॅटोसारखी झाडं स्वतःच्या बचावासाठी कडवट विषारी रसायनं बनवतात. ही रसायनं झाडालाच बाधू नयेत म्हणून झाडाकडे ती निष्प्रभ करणारं जनुक असतं. २०२१ साली चिनी संशोधकांनी दाखवून दिलं की पांढऱ्या माशीकडे असंच एक जनुक आहे आणि ते मुळात वनस्पतीकडून आलेलं आहे. कधीतरी लाखो वर्षांपूर्वी झाडाचं कुलूप उघडायची किल्ली माशीच्या हाती लागली. मग त्यांनी टोमॅटोत असा बदल केला की तो टोमॅटो खाल्ल्यावर माशीचं ते जनुक बंद पडावं. त्या टोमॅटोवर बसलेल्या माश्या जवळपास सगळ्या मेल्या, आणि इतर कीटकांना काही झालं नाही. हे अजून प्रयोगशाळेतलं आहे, दुकानात विचारायला जाऊ नका. पण इतक्या पिकांवर ही बया कशी जगते, याचं एक उत्तर त्यात आहे.

बरं मग, आपण काय करायचं? मी औषधाचं नाव आणि मात्रा सांगणार नाही, ते काम जवळच्या कृषी विज्ञान केंद्राचं. पण या गोष्टीतून जे सरळ निघतं ते सांगतो.

एक. औषधाचं दुकानी नाव बघू नका, आतला घटक बघा. इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम, ॲसिटामिप्रिड ही तीन नावं, पण घराणं एकच. पहिलं चाललं नाही म्हणून दुसरं, दुसरं नाही म्हणून तिसरं आणलं, तर माशीच्या दृष्टीने आपण औषध बदललेलंच नाही. घराणं बदलायला हवं. बाटलीवरचा बारीक मजकूर वाचायला बाबांना डोळ्यांना त्रास होत असेल, तर फोनचा कॅमेरा झूम करून तुम्ही वाचा. हे काम पाच मिनिटांचं आहे.

दोन. रोपवाटिकेत ४०-५० मेशच्या नायलॉन जाळीखाली रोपं वाढवा. माशी कुठल्याही गटाची असो, जाळीच्या छिद्रातून सहज शिरत नाही. आणि लहान रोप वाचलं की व्हायरसचं निम्मं भय संपलं. जाळीला डीएनए तपासावा लागत नाही, हा तिचा मोठा गुण.

तीन. पिवळे चिकट सापळे लावा आणि आठवड्याला त्यांचे फोटो काढून ठेवा. एका फोटोने काही कळत नाही, पण तारखेसकट दहा फोटो असले की फवारणीनंतर माशी खरंच कमी झाली का, आणि किती दिवसांत परत वाढली, ते दिसतं. दुकानातल्या वादात अंदाजापेक्षा हा पुरावा कामाला येतो.

चार. जुन्या, रोगट प्लॉटला लागून नवी लागवड नको. बांधावरच्या तणांवरही माशी राहते आणि व्हायरसही. आणि उठसूट जहाल फवारणी केली की एन्कार्सियासारखे छोटे गांधीलवर्गीय मित्रकीटक आधी मरतात. ते माशीच्या पिल्लांत अंडी घालून तिला संपवत असतात. ते गेले की माशीला रान मोकळं.

राहिला ॲपचा प्रश्न. मी ॲपच्या विरोधात नाही, माझी रोजीरोटीच त्यावर आहे. पण कितीही चांगला कॅमेरा आणि कितीही हुशार मॉडेल आणलं, तरी जो फरक पंखावर नाहीच तो फोटोत कुठून येणार? माहितीच नसेल तर मॉडेल अंदाज करतं, आणि तोही आत्मविश्वासाने. त्यामुळे ‘पांढरी माशी’ एवढं सांगून थेट औषधाचं नाव पुढे करणारं ॲप मला धोक्याचं वाटतं. त्याने निदान विचारावं तरी की कुठलं पीक, कुठलं गाव, याआधी काय फवारलं आणि त्याने फरक पडला का. ही चार उत्तरं फोटोपेक्षा जास्त सांगतात.

आणि डीएनए तपासणी आता पूर्वीसारखी दूरची गोष्ट नाही. बेंगळुरूच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरोसारख्या संस्था कीटकांचे बारकोड तयार करतात. माश्या ९५ टक्के अल्कोहोलच्या कुपीत ठेवल्या तर डीएनए टिकतो. जगभरचे तुकडे जेनबँक नावाच्या डेटाबेसमध्ये फुकट बघायला मिळतात, अगदी तुमच्या फोनवरून. ऐकणाऱ्यांत कुणी कृषी किंवा बायोटेकचे विद्यार्थी असाल आणि प्रोजेक्ट शोधत असाल, तर हा घ्या. तुमच्या तालुक्यातल्या पाच भाज्या, प्रत्येकीवरच्या थोड्या माश्या, आणि प्रत्येक कुपीवर पीक, गाव, तारीख आणि आधीच्या फवारणीची चिठ्ठी. ती चिठ्ठी विसरू नका. चिठ्ठीशिवायचा नमुना म्हणजे नाव नसलेली फाइल.

आपल्या तालुक्यात नेमक्या कुठल्या गटाची माशी कुठल्या भाजीवर आहे, हे त्या तालुक्यात जाऊनच कळेल. ते बाहेरून कुणी येऊन सांगणार नाही.

आज इथेच थांबतो. घरी शेती असेल तर हा भाग बाबांना, काकांना ऐकवा, आणि तुमच्या भागात पांढरी माशी कुठल्या पिकावर जास्त दिसते ते मला आवाजी मेसेजने कळवा. पीक आणि तालुका दोन्ही सांगा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.